‘कळवू’ म्हणजे कधी?

(नाशिक येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



बेकारीविषयी आपल्या चळवळीत पुष्कळ बोलले व लिहिले गेले आहे. बेकारांची संख्या, रिकाम्या जागा, कंत्राटी पद्धत, यांवर आपण ठराव करतो, मोर्चे काढतो. परंतु बेकारी आणि नोकरी यांच्या मध्ये एक लांबलचक पट्टा असतो, त्याकडे आपले फारसे लक्ष गेलेले नाही. अर्ज केला आहे, परीक्षा दिली आहे, मुलाखतही झाली आहे, आणि पुढे काहीच कळत नाही. अशा अवस्थेत या जिल्ह्यातील हजारो तरुण-तरुणी आज जगत आहेत. मुलाखतीच्या शेवटी ‘ठीक आहे, आम्ही कळवू’ असे सांगितले जाते. कधी कळवणार हे सांगितले जात नाही, आणि बहुतेकांना पुढे कधीच काही कळवले जात नाही. आज मला या ‘कळवू’विषयी बोलायचे आहे.

प्रश्न किरकोळ आहे, शिष्टाचाराचा आहे, असे काहींना वाटेल. तसे असते तर त्यासाठी अभ्यासवर्गातला एक तास खर्च करण्याचे कारण नव्हते. माझे म्हणणे असे की, हे मौन म्हणजे एक आर्थिक व्यवहार आहे. त्यात एका पक्षाचा खर्च दुसऱ्याच्या माथी मारला जातो. आणि ज्याच्या माथी मारला जातो तो दोहोंतला दुबळा पक्ष असतो.

हा खर्च कसा होतो ते पाहू. सुरगाण्याचा एखादा पदवीधर सातपूर किंवा अंबडच्या औद्योगिक वसाहतीत मुलाखतीस येतो. नव्वदेक किलोमीटरचा प्रवास, एस.टी.चे भाडे, एका दिवसाची बुडालेली मजुरी, हा दिसणारा खर्च. न दिसणारा खर्च पुढेच सुरू होतो. ऑक्टोबरात दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागांच्या छाटणीसाठी टोळ्या निघतात. बोलावणे येईल या आशेने तो टोळीबरोबर जात नाही. दुकानातली हलकी नोकरी मिळत असते, ती धरत नाही. कारण धरली आणि आठ दिवसांत सोडावी लागली तर मालकाशी वाकडे येते. मुलगी असेल तर ‘नोकरीचे नक्की होईपर्यंत थांबा’ असे घरच्यांना किती दिवस सांगायचे, हा तिच्यापुढचा प्रश्न असतो. महिना जातो, दोन जातात. ज्याने ‘नाही’ म्हणायचे त्याने ते म्हटलेले नसते, म्हणून याला पुढचे पाऊल टाकता येत नाही. स्पष्ट नकार मिळाला असता तर दुःख झाले असते, पण माणूस मोकळा झाला असता. नकार कळण्यालाही किंमत आहे, आणि ती उमेदवाराकडून हिरावून घेतली जाते.

आता दुसऱ्या बाजूला काय घडते ते पाहू. मालकाने पहिल्या क्रमांकाचा उमेदवार ठरवलेला असतो. तो येईल की नाही, आला तरी टिकेल की नाही, याची खात्री नसते. म्हणून दुसरा, तिसरा, चौथा हातचा राखून ठेवायचा असतो. त्यांना ‘नाही’ म्हटले तर ते दुसरीकडे जातील, ‘हो’ तर म्हणायचे नाही. म्हणून काहीच म्हणायचे नाही. धान्याचा व्यापारी माल अडवून ठेवतो तेव्हा त्याला गोदामाचे भाडे पडते, भांडवलावर व्याज पडते. माणसे अडवून ठेवायला मात्र काहीच पडत नाही. त्यांचे गोदाम म्हणजे त्यांचे स्वतःचे घर, आणि व्याज भरतात त्यांचे आईबाप. राखीव बेकारांची फौज भांडवलशाहीला का हवी असते, हे मार्क्सने एकोणिसाव्या शतकात सांगितले. ती फौज फुकटात उभी कशी ठेवता येते, याचे एक लहानसे पण रोजचे उदाहरण म्हणजे हे मौन.

रूढ अर्थशास्त्रालाही ही गोष्ट अपरिचित नाही. एका पक्षाला अधिक माहिती आणि दुसऱ्याला कमी, अशा बाजाराचे विश्लेषण केल्याबद्दल अकरलॉफ, स्पेन्स व स्टिग्लिट्झ यांना २००१ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. आणि काम शोधण्यात व माणूस शोधण्यात जो वेळ व पैसा जातो त्याच्या अभ्यासासाठी डायमंड, मॉर्टेन्सन व पिसारिडेस यांना २०१० मध्ये. मात्र यासाठी नोबेलपर्यंत जाण्याचीही गरज नाही. १९०९ साली विल्यम बेव्हरिज यांनी इंग्लंडातील बेकारीवर ग्रंथ लिहिला, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे एका कारखान्याच्या दारातून दुसऱ्याच्या दारात हिंडणारा मजूर होता. काम शोधण्याचा हा खर्च एकट्या मजुराने सोसू नये, तो समाजाने उचलावा, या विचारातून त्याच वर्षी तेथे कायदा झाला आणि १९१० पासून सरकारी रोजगार केंद्रे उघडली.

आपल्याकडे अशी केंद्रे १९४५ मध्ये युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांसाठी निघाली आणि स्वातंत्र्यानंतर ती सर्वांना खुली झाली. १९५९ च्या कायद्याने मालकांवर रिकाम्या जागा रोजगार केंद्राला कळवण्याचे बंधन घातले. पण त्याच कायद्यात स्पष्ट लिहिले होते की, केंद्रामार्फत माणूस घेण्याचे बंधन मालकावर नाही. म्हणजे जागा कळवा, पुढे तुमची मर्जी. पाठवलेल्या उमेदवाराचे काय झाले हे त्या उमेदवाराला कळवण्याचे बंधन तर कोणावरच आले नाही. हा कायदा आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला असून ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. रोजगार केंद्राला तेथे नवे नाव मिळाले. उमेदवाराची स्थिती आहे तीच राहिली.

जुन्या काळी सारे आलबेल होते असा माझा दावा नाही. माझ्या उमेदवारीच्या काळात जाहिरातीतच लिहिलेले असे की, अर्जासोबत स्वतःचा पत्ता लिहिलेले व तिकीट लावलेले पाकीट जोडावे. उत्तराचा खर्चसुद्धा बेकारानेच करायचा! अशी कितीतरी पाकिटे मी धाडली, आणि त्यांतली पुष्कळ परत आली नाहीत. एका महाविद्यालयाने तर मुलाखतीनंतर पाच महिन्यांनी, मीच चौकशीला गेलो तेव्हा, जागा केव्हाच भरल्याचे फाटकावरच्या शिपायाकडून सांगितले. तरीही पाकीट मागण्यात एक कबुली होती. उत्तर देणे आपले काम आहे, ही. आज संदेश पाठवायला तिकीट लागत नाही, पाकीट लागत नाही. खर्च जवळजवळ नाहीसा झाला, आणि त्याबरोबर ती कबुलीही नाहीशी झाली.

हे झाले खाजगी मालकांचे. शासनाचे काय? शासन हा या राज्यातला मोठा मालक आहे, आणि मौनाच्या बाबतीत तो कोणाला हार जाणारा नाही. मार्च २०१९ मध्ये जिल्हा परिषदांतील तेरा हजारांहून अधिक जागांची जाहिरात निघाली. राज्यभरातून लाखो अर्ज आले, प्रत्येकाने शुल्क भरले. परीक्षा आज होईल, उद्या होईल, असे म्हणता म्हणता तीन वर्षे गेली आणि २०२२ मध्ये ही भरती रद्द करून शुल्क परत देण्याचे जाहीर झाले. नवी जाहिरात निघाली ती ऑगस्ट २०२३ मध्ये. दरम्यान कित्येकांचे वय उलटून गेले. मार्च २०२३ मध्ये शासनाला वयोमर्यादेत दोन वर्षांची सवलत द्यावी लागली. ही सवलत म्हणजे शासनाने उमेदवारांचा वेळ खाल्ल्याची लेखी कबुलीच होय. शुल्क परत करता येते. तेविसाव्या वर्षापासून सव्विसाव्या वर्षापर्यंतचा काळ कोणत्या लेखाशीर्षाखाली परत करणार?

शिक्षकभरतीचा इतिहासही तोच. डिसेंबर २०१७ मध्ये अभियोग्यता चाचणी झाली. ‘पवित्र’ प्रणालीमार्फत नेमणुकांची पहिली यादी ऑगस्ट २०१९ मध्ये लागली. आणि ज्या खाजगी संस्थांना मुलाखत घेऊन निवड करायची होती त्यांच्याकडे उमेदवार पाठवायला सप्टेंबर २०२१ उजाडला. एका जागेस दहा उमेदवार, असे ते प्रमाण होते. जागा एक, म्हणजे नऊ जणांना नकार ठरलेलाच. पण त्या नऊ जणांना तो लेखी व कारणासह कळावा, याची तजवीज कोणी केली नाही. आपल्याला कमी गुण का पडले, की संस्थाचालकांनी माणूस आधीच ठरवला होता, हे त्यांनी तर्कानेच ओळखायचे.

राज्य लोकसेवा आयोग ही तर घटनात्मक संस्था. आयोगाने २०१९ च्या राज्यसेवा परीक्षेतून निवडलेल्या चारशेहून अधिक उमेदवारांचा अंतिम निकाल जून २०२० मध्ये लावला. सप्टेंबरात मराठा आरक्षणाला सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती आली आणि निवड झालेले उमेदवार वर्षाहून अधिक काळ नेमणुकीवाचून बसून राहिले. कोर्टाचे प्रकरण शासनाच्या हाती नव्हते, हे मान्य. पण आयोगावर सदस्य नेमणे तर हाती होते ना? २०२१ च्या मध्यास आयोगाच्या सहापैकी चार जागा रिकाम्या होत्या, आणि मुलाखती खोळंबल्या होत्या. त्या जूनअखेर पुण्यातील एका चोवीस वर्षांच्या उमेदवाराने जीवन संपवले. तो मुख्य परीक्षा उत्तीर्ण झालेला होता आणि दीड वर्षाहून अधिक काळ मुलाखतीची वाट पाहत होता. एखाद्या आत्महत्येला एकच कारण असते असे कोणीही सुजाण माणूस म्हणणार नाही, आणि त्या कुटुंबाच्या दुःखाचे भांडवल आपण करू नये. परंतु त्यानंतर अवघ्या काही दिवसांत, ३१ जुलैपूर्वी सदस्यांच्या जागा भरू, अशी घोषणा विधिमंडळात झाली, ही वस्तुस्थिती आहे. जे काम काही दिवसांत ठरवता येते ते आधी का ठरले नाही, एवढा प्रश्न विचारण्याचा अधिकार आपल्याला आहे.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळतो. २९ ऑगस्ट २०१९ च्या राज्यपालांच्या अधिसूचनेने अनुसूचित क्षेत्रातील सतरा संवर्गांच्या जागा स्थानिक आदिवासी उमेदवारांतून भरावयाच्या होत्या. तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक, आरोग्यसेवक अशा या जागा. गावात राहून गावाचे काम करणारी माणसे त्यांतून मिळायची होती. मुलांनी २०२३ मध्ये परीक्षा दिल्या, निवड झाली. पण प्रकरण सर्वोच्च न्यायालयात असल्याने नेमणुका अडल्या. सुरगाणा, पेठ, कळवण, त्र्यंबकेश्वर भागातील मुलांनी ऑगस्ट २०२४ मध्ये नाशिकला ठाण मांडले. माजी आमदार जे. पी. गावित उपोषणाला बसले. ४ ऑक्टोबर २०२४ रोजी दिंडोरीचे आमदार व त्या वेळचे विधानसभा उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांनी काही आदिवासी आमदारांसह मंत्रालयातील संरक्षक जाळीवर उडी घेतली. त्यांच्या मागण्यांत ही भरतीही होती. त्यानंतर या उमेदवारांना मानधनावर नेमण्याचा निर्णय झाला. त्या उडीबद्दल कोणाचे काहीही मत असो. विधानसभेच्या उपाध्यक्षाला स्वतःच्याच सरकारकडून उत्तर मिळवण्यासाठी जाळीवर उडी घ्यावी लागते, तेथे पेठ तालुक्यातील मुलीच्या अर्जाला कोण उत्तर देणार? आणि उत्तर मिळाले तेही अर्धेच: काम पूर्ण, पण नेमणूक मानधनाची.

मौनाची आणखी एक बाजू आहे. ते भेदभाव झाकते. डॉ. सुखदेव थोरात व पॉल ॲटवेल यांचा एक अभ्यास २००७ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त प्रसिद्ध झाला. खाजगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना त्यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले; फरक फक्त नावात होता. काही नावे उच्चवर्णीय, काही दलित, काही मुस्लिम. उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणे येण्याची शक्यता सुमारे दोन-तृतीयांश आणि मुस्लिम नावाला सुमारे एक-तृतीयांश आढळली. विचार करा, त्या प्रत्येक दलित वा मुस्लिम अर्जदाराला काय दिसले असते? काहीच नाही. फक्त उत्तर आले नाही. कोणी अपमान केला नाही, कोणी जात विचारली नाही. हजारो अर्ज एकत्र मांडून संशोधकाने हिशेब केला तेव्हाच तो अन्याय दिसला. लेखी नकार द्यावा लागला तर कारण द्यावे लागते, आणि कारण दिले की त्याला आव्हान देता येते. म्हणून मौन सोयीचे असते.

यावर मालकवर्गाचा आक्षेप ठरलेला आहे: एका जागेला शेकडो अर्ज येतात, सर्वांना उत्तर कसे देणार? आक्षेपात तथ्य आहे. २०२३ च्या तलाठीभरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले. एका जागेमागे दोनशेहून अधिक. पण तेथे प्रत्येकाकडून नऊशे किंवा हजार रुपये शुल्क घेतले होते. प्रत्येकी नऊशे धरले तरी रक्कम नव्वद कोटींच्या घरात जाते. पैसे घेताना दहा लाख माणसे मोजता येतात, तर उत्तर देताना का मोजता येऊ नयेत? खाजगी मालकाच्या बाबतीत आपण अर्जदार आणि मुलाखत दिलेला उमेदवार यांत फरक करू. प्रत्येक अर्जाला सविस्तर उत्तर द्या असे आपण म्हणत नाही. ज्यांना तुम्ही स्वतः बोलावले, समोर बसवले, ज्यांची कागदपत्रे तपासली, अशा आठ-दहा माणसांना दोन ओळी लिहा, एवढेच मागणे आहे. हे अव्यवहार्य नाही. कॅनडातील ऑन्टारिओ प्रांताने तसा कायदाच केला असून १ जानेवारी २०२६ पासून तो लागू आहे: पंचवीस किंवा अधिक कामगार असलेल्या मालकाने, जाहिरात दिलेल्या जागेसाठी मुलाखत घेतल्यास, शेवटच्या मुलाखतीपासून पंचेचाळीस दिवसांत निर्णय झाला की नाही हे उमेदवाराला कळवले पाहिजे. लहान वर्कशॉपवाल्याला त्यातून वगळलेलेच आहे.

आणि कॅनडापर्यंत जायचे तरी कशाला? हे तत्त्व महाराष्ट्रानेच जगाला दिले आहे. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या रोजगार हमी योजनेचा कायदा १९७७ मध्ये झाला व २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. त्यात निरक्षर मजुराने काम मागितले की त्याला पोहोच द्यायची, पंधरा दिवसांत काम द्यायचे, न दिल्यास बेकारभत्ता द्यायचा, असा नियम होता. भत्ता फार थोड्यांच्या पदरात पडला, हे खरे. या नाशिक जिल्ह्यातही ‘नमुना ४’ भरून घ्यायला तलाठ्याच्या दारात धरणे धरावे लागे. पण नियमाचे मर्म पाहा. मागणीवर तारीख पडली की घड्याळ शासनाच्या विरुद्ध चालू लागते. २००५ च्या केंद्रीय कायद्यानेही हेच तत्त्व उचलले. खडी फोडणाऱ्या मजुराला जो मान कायद्याने दिला, तो पदवीधर उमेदवाराला आजवर मिळालेला नाही.

कायद्याचा आधार अगदीच नाही असेही नाही. शंकरसन दाश खटल्यात १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितले की, निवडयादीत नाव आल्याने नेमणुकीचा निर्विवाद हक्क मिळत नाही. परंतु जागा न भरण्याचा निर्णय शासनाला मनमानीने घेता येणार नाही, त्याला योग्य कारण असले पाहिजे. माहितीच्या अधिकाराच्या कायद्यातील कलम ४ असे म्हणते की, प्रशासकीय निर्णयांची कारणे बाधित व्यक्तींना सार्वजनिक प्राधिकरणाने दिली पाहिजेत. नाकारलेला उमेदवार बाधित नाही तर कोण बाधित?

तेव्हा आपल्या मागण्या अशा असाव्यात. जाहिरातीत परीक्षेच्या किंवा मुलाखतीच्या तारखेबरोबर निकालाचीही मुदत छापावी. मुलाखत दिलेल्या प्रत्येकाला पंचेचाळीस दिवसांत लेखी कळवावे: निवड झाली, प्रतीक्षायादीत आहात, किंवा निवड झाली नाही. हातचा राखायचा तर तसे उघड सांगून राखावा. शासकीय भरती वर्षभरात पार पडली नाही तर शुल्क आपोआप व सव्याज परत व्हावे; त्यासाठी पुन्हा अर्ज करायला लावू नये. आयोगावरील सदस्याची जागा रिकामी होण्यापूर्वीच तिच्यावरील नेमणूक ठरलेली असावी. आणि ठेकेदारामार्फत भरती होत असेल तेथे उत्तराची जबाबदारी मूळ कारखान्यावर असावी. कारण आज कारखाना ठेकेदाराकडे बोट दाखवतो आणि ठेकेदार कारखान्याकडे.

शेवटी एका शंकेला उत्तर दिले पाहिजे. उत्तर मिळाल्याने नोकरी निर्माण होत नाही, मग ही लढाई कशासाठी? खरे आहे, एकही जागा यातून वाढणार नाही. परंतु २०२३-२४ च्या श्रमशक्ती पाहणीत एकंदर बेकारीचे प्रमाण ३.२ टक्के असताना पंधरा ते एकोणतीस वयोगटात ते १०.२ टक्के होते; आणि या आकड्यांत वाट पाहण्याचे दिवस कोठेच मोजलेले नाहीत. जे मोजले जात नाही त्याची जबाबदारी कोणावरच येत नाही. तारखेसह दिलेले प्रत्येक उत्तर हा पुरावा असतो. किती जागा जाहीर झाल्या, किती भरल्या, कोणाला घेतले, कोणाला वगळले, हे त्यातून दिसू लागते. आणि दिसू लागले की जागा भरण्याच्या लढाईलाही हत्यार मिळते. शिवाय एकट्याला मिळालेले मौन हे त्याला स्वतःची नालायकी वाटते. तेच मौन शंभरांना मिळाले हे कळले की तो त्याचा वैयक्तिक दोष राहत नाही, सार्वजनिक प्रश्न होतो.

म्हणून प्रत्येक तालुक्याच्या कार्यालयात या महिन्यापासून एक वही ठेवा. अर्जाची तारीख, भरलेले शुल्क, मुलाखतीची तारीख, कोणी काय सांगितले, उत्तर केव्हा आले, एवढे पाच रकाने पुरेत. कॉलेज रोड आणि गंगापूर रोडच्या अभ्यासिकांत बसणाऱ्या मुलांकडे जा, कारखान्यांच्या फाटकावर उभ्या असलेल्यांकडे जा, आणि त्यांच्याकडून ती भरून घ्या. उमेदवाराचे नाव त्याच्या संमतीवाचून बाहेर जाऊ देऊ नका. पंचेचाळीस दिवस उलटले की शासकीय कार्यालयाला माहितीच्या अधिकाराखाली अर्ज आणि खाजगी मालकाला संघटनेच्या नावाने पत्र, असा क्रम ठेवा. सहा महिन्यांनी सर्व तालुक्यांच्या वह्या एकत्र करून जिल्ह्याचा हिशेब मांडू आणि तो घेऊन जिल्हाधिकारी, जिल्हा परिषद व कामगार उपायुक्त यांच्याकडे जाऊ. ‘आम्ही कळवू’ असे ते म्हणाले, तर त्या उत्तरावरही तारीख घालून घ्या.